जुन्या सदनिकेचे नूतनीकरण: कोणती कामे स्वतः करावीत आणि कोणती मिस्त्रीकडे द्यावीत?

मुलुंडपूर्व

नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमची ४१० चौरस फूट चटईक्षेत्राची सदनिका आहे. दिवाणखाना, एक शयनगृह, स्वयंपाकघर आणि जुन्या पद्धतीप्रमाणे वेगवेगळे न्हाणीघर व संडास अशी तिची रचना आहे. इमारत १९८६ सालची, चार मजली आणि विनालिफ्टची असून आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात बऱ्याच वर्षांत रंगाशिवाय दुसरे काम झालेले नाही. आता मात्र आमच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली आहे. काम पुढे ढकलणे यापुढे शक्य नाही आणि एकदा घर उकरायचेच तर बाकीचेही उरकून घ्यावे, असा आमचा विचार आहे.

ओळखीतून आलेल्या एका कंत्राटदाराने ६,८०,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. न्हाणीघर व संडास वॉटरप्रूफिंगसह १,९५,०००, ओटा व स्वयंपाकघरातील लाद्या १,१०,०००, नवे वायरिंग ८५,०००, रंगकाम ५८,८००, कपाट व स्वयंपाकघरातील ट्रॉल्या २,१०,००० आणि राडारोडा व किरकोळ २१,२००, अशी त्याची मांडणी आहे. मोजमापे किंवा मालाचा दर्जा यांचा उल्लेख कुठेही नाही. आमच्या हाताशी साडेचार लाख रुपये आहेत आणि शक्यतो कर्ज काढायचे नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे शनिवार-रविवारच मोकळे असतात. यजमानांना ड्रिल मशीन चालवण्याचा सराव आहे, फळ्या आणि पडद्यांचे दांडे त्यांनीच बसवले आहेत. मुलगी चार वर्षांची असल्याने घरात राहूनच काम करणे कितपत योग्य, हाही प्रश्न आहे.

यांपैकी कोणती कामे आम्ही स्वतः करू शकतो, त्यातून खरोखर किती पैसे वाचतात आणि कुठे हात घालूच नये, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

ओळंबा

नमस्कार ताई. मी निवृत्त स्थापत्य पर्यवेक्षक आहे आणि माझी बहुतेक नोकरी मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत गेली. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाची विभागणी मी सोपे काम आणि अवघड काम अशी करणार नाही. काम बिघडले तर ते पुन्हा करायला किती खर्च येईल आणि तो त्रास कोणाच्या घरात जाईल, हे आधी पाहावे. रंग बिघडला तर पुन्हा एक हात मारता येतो आणि कोणाचे काही बिघडत नाही. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग बिघडले तर वर बसवलेल्या सगळ्या लाद्या फोडाव्या लागतात आणि तोवर खालच्या काकूंचे छत ओलेच राहते. म्हणून पाण्याचे काम, विजेचे काम आणि गॅसचे काम या तिन्हींना हात लावू नका.

न्हाणीघराचे काम स्वतः करायचे नसले तरी ते स्वतः पाहायचे मात्र आहे. जुन्या लाद्या आणि त्याखालचा कोबा (विटांच्या तुकड्यांचा भराव) स्लॅबपर्यंत पूर्ण काढला गेला पाहिजे. जुन्या लाद्यांवरच नव्या लाद्या चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, कारण खाली ओल आलेली असताना त्या उपायाने गळती झाकली जाते, थांबत नाही. स्लॅब झाडून, धुऊन स्वच्छ झाल्यावर भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर भराव (वाटा) देतात. वॉटरप्रूफिंगचा लेप दोन हातांत द्यावा, दुसरा हात पहिल्याला आडवा मारावा आणि तो भिंतीवर किमान एक फूट वर न्यावा. नहाणी ट्रॅपच्या (जमिनीवरचे पाणी जिथून निचरते त्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडाशी आणि पाइप स्लॅबमधून खाली उतरतो त्या जागी सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक गळत्या लादीच्या पृष्ठभागातून नव्हे, तर या दोन ठिकाणांहून सुरू झालेल्या होत्या. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा ट्रॅपकडे उतार देऊन घालतात.

यानंतर लादी बसवण्याची घाई करू देऊ नका. ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवावे, भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने रेघ मारावी आणि ४८ तास तसेच ठेवावे. थोडे पाणी हवेत उडून जाते, पण रेघेखाली ठळक उतरण दिसली किंवा काकूंच्या छतावर नवा डाग आला तर लेप पुन्हा द्यायचा. या चाचणीला पाण्याशिवाय काहीच खर्च येत नाही, तरीही ती टाळली जाते, कारण कंत्राटदाराचे दोन दिवस रिकामे जातात. म्हणून कोटेशनमध्येच ती लिहून घ्या. भिंतीतले जुने लोखंडी पाइप याच वेळी बदलून टाका. १९८६ सालचे पाइप आतून गंजून निम्मे बुजलेले असतात. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी प्लास्टिकचे पाइप वापरा आणि खाचा बुजवण्यापूर्वी हातपंपाने दाब देऊन जोड तपासून घ्या.

आता पैशांविषयी. तुमच्या कोटेशनमधली खरी अडचण रकमेपेक्षा मोजमाप नसण्यात आहे. एक टेप घ्या, यजमानांना सोबत घ्या आणि घरातली प्रत्येक भिंत, प्रत्येक लादीची जागा मोजून वहीत लिहा. मग कंत्राटदाराला प्रत्येक कामाचे क्षेत्रफळ, दर, मालाचा ब्रँड व प्रत आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. माझ्या अनुभवात मालकाने स्वतःच्या हाताने केलेल्या कामांत सर्वांत जास्त पैसा या एका कामाने वाचतो.

इमारत तीस वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करून घेणे बंधनकारक आहे. त्या अहवालात तुमच्या न्हाणीघराच्या स्लॅबबद्दल काही लिहिले आहे का, ते काम सुरू करण्यापूर्वी अवश्य वाचा. स्लॅबमधील सळ्या गंजल्या असतील तर वरून कितीही चांगले वॉटरप्रूफिंग केले तरी खालून वेगळी दुरुस्ती लागेल.

चारकोप

ताई, आमचे घर तुमच्याएवढेच आहे आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी ते स्वतः रंगवले, म्हणून रंगाविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

रंगवायचे क्षेत्रफळ काढण्यासाठी चटईक्षेत्राच्या साडेतीन पट हा ठोकताळा वापरतात. तुमच्या ४१० चौरस फुटांना तो साधारण १,४३५ येतो, छत धरून. एक लिटर इमल्शनमध्ये दोन हात धरून अंदाजे १०० ते १४० चौरस फूट रंगते, म्हणजे तुम्हाला साधारण दहा ते चौदा लिटर रंग लागेल. पुट्टी दोन थरांसाठी किलोला सुमारे पंधरा चौरस फूट पुरते, म्हणजे चाळीस किलोच्या अडीच पिशव्या. प्रायमर, घासपेपर, रोलर, ब्रश, पत्ती, मास्किंग टेप आणि जमीन झाकण्याचे प्लास्टिक असे सगळे धरून, मध्यम प्रतीचा रंग घेतल्यास पंधरा हजारांच्या आसपास काम होते. अठ्ठावन्न हजार आठशे कुठून आले, हे त्यांना विचारलेच पाहिजे. अर्थात रंगारी कसबाचे पैसे घेतात आणि ते त्यांनी घ्यायलाच हवेत. पुट्टीचा हात सफाईने फिरवणे ही शिकण्याची गोष्ट आहे.

रंगकामात वेळ रंगाला लागत नाही, तयारीला लागतो. जुना डिस्टेंपर हाताला पांढरा लागत असेल तर तो पत्तीने पूर्ण खरवडून ओल्या फडक्याने पुसावा लागतो. त्यावर थेट इमल्शन दिल्यास वर्षभरात पापुद्रे सुटतात. पुट्टी पातळ थरात, खालून वर ओढत लावायची. पहिला थर वाळल्यावर रात्री भिंतीला टेकवून मोबाइलचा दिवा तिरका धरला की सकाळच्या उजेडात न दिसलेले सगळे खळगे आणि पत्तीच्या रेघा सावली टाकून उभ्या राहतात. त्यांच्याभोवती पेन्सिलने गोल करून ठेवायचे आणि दुसऱ्या थरात तेवढेच भरायचे. एवढे केले की नवख्या हाताची भिंतही नेटकी दिसते. छत मात्र अवघड आहे. मान आणि खांदे भरून येतात आणि स्टुलावर उभे राहून ते करू नये. रंगाऱ्याची घोडी भाड्याने मिळते. पैशांची अगदीच ओढ नसेल तर छत रंगाऱ्याला द्यावे आणि भिंती आपण कराव्यात, असे मी सुचवेन.

तुमची मुलगी लहान आहे, म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारांवरचा आणि खिडक्यांवरचा जुना ऑइल पेंट त्याआधीचा असणार आणि त्यात शिसे असण्याची शक्यता आहे. तो कोरडा घासला की त्याची धूळ घरभर बसते. लहान मुले जमिनीवर खेळतात, हात तोंडात घालतात आणि शिशाचा परिणाम त्यांच्या वाढत्या मेंदूवर होतो. त्यामुळे दारे-खिडक्या घासायच्या असतील तर वॉटर पेपरने ओल्याच घासा, चांगला मास्क लावा, झाडूऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसा आणि तेवढे दिवस मुलीला आजीकडे ठेवा. जुना थर घट्ट बसलेला असेल तर तो काढू नका. साबणाच्या पाण्याने पुसून, ओल्या पेपरचा हलका हात देऊन त्यावरच नवा रंग देणे अधिक सुरक्षित आहे.

विद्युत_परळ

वायरिंगच्या बाबतीत वर ओळंबा यांनी लिहिले आहे ते अक्षरशः पाळावे. घरातील वायरिंगचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचे असते आणि काम झाल्यावर त्याच्याकडून चाचणी अहवाल घ्यायचा असतो. त्या काळच्या अनेक इमारतींत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आणि अपुरे अर्थिंग आढळते. म्हणून फक्त स्विचबोर्ड बदलून वायरिंग नवे झाले, असे समजू नका.

कोटेशनमध्ये पुढील गोष्टी लिहून घ्या. दिवे व पंखे यांच्यासाठी दीड चौरस मिलिमीटर, साध्या पॉवर प्लगसाठी अडीच आणि गीझर किंवा एसीसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असावी. गीझर, एसी आणि स्वयंपाकघर यांची सर्किटे वेगळी असावीत. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण) असलाच पाहिजे. न्हाणीघरात ओल्या हाताने गीझरला स्पर्श झाला आणि गळती प्रवाह वाहू लागला, तर जीव वाचवणारे उपकरण तेच आहे. साधा एमसीबी (जादा प्रवाह आल्यावर पडणारा स्विच) हे काम करत नाही, तो तारेला वाचवतो, माणसाला नव्हे. मुलुंडला वीजपुरवठा महावितरणचा आहे. एसी वाढवणार असाल तर मंजूर भार पुरेसा आहे का, ते बिलावर पाहा आणि नसल्यास वाढवून घ्या.

पॉइंट किती आणि कुठे हवेत, याचा आराखडा मात्र तुम्हीच काढा. कोणता पलंग कुठे, मिक्सर कुठे, राउटर कुठे, हे ठरवून भिंतीवर खडूने खुणा करा. पॉइंटप्रमाणे दर लागतो आणि खाचा बुजवल्यानंतर वाढवलेला प्रत्येक पॉइंट महाग पडतो. तारा, स्विच आणि आरसीसीबी लोहार चाळीतून (मुंबईतील विजेच्या सामानाच्या बाजारातून) स्वतः बिलासह घेतले आणि इलेक्ट्रिशियनला फक्त मजुरी दिली, तर दर्जाची खात्रीही राहते आणि पंच्याऐंशी हजारांतून चांगली रक्कम कमी होईल. तारांच्या गुंडाळीवर आयएसआय खूण आणि पूर्ण लांबी पाहून घ्या.

मानद_सचिव

मी गेली काही वर्षे आमच्या सोसायटीचे सचिवपद सांभाळत आहे, म्हणून ती बाजू सांगतो. गिलावा, रंग, लाद्या बदलणे अशा साध्या अंतर्गत दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागत नाही. मात्र सोसायटीला कामाचे स्वरूप लेखी कळवून परवानगी घ्यावी लागते. भिंत काढणे, न्हाणीघराची जागा बदलणे किंवा खांब-तुळयांना हात लावणे या कामांचा विचार अभियंत्याशिवाय आणि पालिकेच्या परवानगीशिवाय करू नये. तुमचे न्हाणीघर ज्यांच्या स्वयंपाकघरावर येईल, त्यांनाही मत आहे, हे विसरू नये.

गळतीच्या खर्चाबाबत गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी (नमुना नियम) स्पष्ट आहेत. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक नळांची किंवा ड्रेनेजची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, तर सदनिकेच्या आतल्या न्हाणीघरातून होणारी गळती त्या सदस्याने स्वखर्चाने. त्यामुळे ताई, फोडाफोडी सुरू करण्यापूर्वी गळती नेमकी तुमच्या जमिनीतून आहे की बाहेरच्या डक्टमधील (पाइप उतरवण्याच्या उभ्या मोकळ्या जागेतील) सामाईक पाइपातून, हे तपासून घ्या. दोन दिवस न्हाणीघर पूर्ण कोरडे ठेवून खालची ओल तशीच वाढते का, हे पाहिले तरी बराच उलगडा होतो. सामाईक पाइप कारणीभूत असेल, तर तो खर्च तुमच्या कोटेशनमध्ये असण्याचे कारणच नाही.

राडारोडा जिन्यात किंवा रस्त्याच्या कडेला टाकू देऊ नका. महापालिकेची तो उचलून नेण्याची सेवा आहे आणि रीतसर शुल्क भरून ती घेता येते. तिसऱ्या मजल्यावरून गोण्या उतरवण्याची आणि सिमेंट, रेती, लाद्या वर चढवण्याची मजुरी मात्र वेगळी द्यावी लागते. ती कोटेशनमध्ये धरली आहे का, हे आताच विचारा, कारण माल फाटकाशी आल्यावर त्यावरून होणारे वाद मी अनेकदा पाहिले आहेत. ओटा बदलताना गॅसचा पाइप हलवायचा असल्यास ते काम महानगर गॅसच्या अधिकृत माणसांकडूनच होईल, त्यासाठी आधी अर्ज द्यावा लागतो.

रंधा

सुतारकामाविषयी कोणी लिहिले नाही, आणि तुमच्या कोटेशनमधला सर्वांत मोठा आकडा तोच आहे. दोन लाख दहा हजारांत कोणत्या प्रतीचे प्लायवुड मिळणार, हे विचारा. ओल्या जागेसाठी, म्हणजे सिंकखालच्या कपाटासाठी, आयएस ७१० या भारतीय मानकाचे प्लायवुड लागते. शयनगृहातील कपाटाला आयएस ३०३ चालते आणि ते बरेच स्वस्त असते. सगळीकडे एकच महाग प्लाय वापरण्याची गरज नाही आणि सगळीकडे स्वस्त वापरले तर सिंकखाली ते दोन-तीन पावसाळ्यांत फुगते. प्रत्येक फळीवर छापलेला क्रमांक कापण्यापूर्वी पाहून घ्या.

यजमानांना ड्रिल येते, तर माझा सल्ला असा की कपाट बनवून घेऊच नका. सुटे भाग जोडून उभे करायचे तयार कपाट आणा, किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जाऊन मापाप्रमाणे तयार मिळते का ते पाहा. जोडणी, बिजागऱ्या, कड्या आणि भिंतीला आधार देणे ही कामे दोघांनी मिळून सहज होतात. चार वर्षांचे मूल घरात असताना उंच कपाट भिंतीला पक्के स्क्रूने जखडणे अत्यावश्यक आहे, ते सोडू नका. स्वयंपाकघरात स्टीलच्या ट्रॉल्या तयार मापांत मिळतात. ओट्याच्या कडाप्प्याच्या कप्प्यांची मापे त्या ट्रॉल्यांप्रमाणे ठरवली तर सुतारकाम जवळजवळ उरतच नाही. म्हणजे आधी ट्रॉल्या निवडा, मग ओटा बांधा. बहुतेक घरांत क्रम याच्या उलटा असतो आणि मग प्रत्येक ट्रॉली मापाने बनवून घ्यावी लागते.

मुलुंडपूर्व

सर्वांचे मनापासून आभार. सचिवसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे न्हाणीघर कोरडे ठेवून पाहिले. खालची ओल वाढायची थांबली, म्हणजे गळती आमच्याच जमिनीतून आहे हे उघड झाले आणि काकूंना तसे सांगितले. त्यांनी चाचणीच्या वेळी छत तपासू देण्याचे मान्य केले आहे.

ओळंबा काकांच्या सूचनेप्रमाणे सगळे घर मोजले आणि कंत्राटदाराकडून मोजमापांसह नवे कोटेशन मागवले. रंगासाठी त्यांनी २,१०० चौरस फूट गुणिले २८ रुपये असा हिशेब धरला होता. आमच्या मोजणीत भिंती आणि छत मिळून १,३८० चौरस फूट भरतात. न्हाणीघराच्या लाद्यांसाठी त्यांनी २४० चौरस फूट लिहिले आहेत, लादी आणि मजुरी मिळून १३० रुपये दराने. आमचे न्हाणीघर आतून सात फूट बाय चार फूट आहे, दरवाजा अडीच फूट रुंद आणि सात फूट उंच आहे, आणि लाद्या सात फुटांपर्यंत लावायच्या आहेत. हा आकडा बरोबर आहे का? शिवाय आता ते म्हणतात की जीएसटी वेगळा लागेल. पहिल्या कोटेशनवर त्याचा उल्लेख नव्हता.

ओळंबा

तुमच्या मापांवरून हिशेब करू. चारही भिंतींची लांबी २२ फूट, त्याला सात फूट उंचीने गुणले की १५४ चौरस फूट. त्यातून दरवाजाचे साडेसतरा वजा केले की १३६.५ उरतात. जमिनीचे २८ मिळवले की १६४.५. कापताना जाणाऱ्या तुकड्यांसाठी दहा टक्के वाढवा, म्हणजे १८१ चौरस फूट. २४० मध्ये ५९ चौरस फूट जास्त आहेत आणि तुमच्या दराने ती रक्कम ७,६७० रुपये होते, फक्त एका न्हाणीघरात. संडास आणि स्वयंपाकघर याच पद्धतीने तपासा. मजुरीला तर ते दहा टक्केही लागू होत नाहीत, कारण मजुरी प्रत्यक्ष बसवलेल्या लादीची असते.

रंगाचे दार-खिडक्या न वजा करता मोजण्याची कंत्राटदारांत प्रथा आहे. मोजणीसाठी भारतीय मानक आयएस १२०० उपलब्ध आहे आणि त्यानुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही, त्याहून मोठ्यांची ठरलेल्या रीतीने करायची. तुमच्या दारांची वजावट त्यात नक्की बसते. मात्र प्रथा काहीही असली तरी १,३८० चे २,१०० होत नाहीत. प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे बिल, असे एक वाक्य करारात घाला आणि मोजणी दोघांच्या उपस्थितीत करा.

लाद्या बसवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक लादीवर नाण्याने टकटक करून पाहा. पोकळ आवाज येणाऱ्या लादीखाली माल भरलेला नसतो. अशा लाद्यांवर पेन्सिलने फुली मारा आणि ग्राउट (लाद्यांमधल्या फटींचा माल) भरण्यापूर्वी त्या काढून पुन्हा बसवून घ्या. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, पाण्याच्या चाचणीपूर्वी न्हाणीघराची निम्म्याहून अधिक रक्कम देऊ नका आणि दहा टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर देण्याचे लिहून घ्या.

हिशेबनीस

जीएसटीचा मुद्दा लहान नाही. मालासह केलेल्या अशा कामावर नोंदणीकृत कंत्राटदार १८ टक्के आकारतो, म्हणजे ६,८०,००० रुपयांवर १,२२,४०० रुपये. म्हणून दर करासहित की करावेगळे, हे लेखी ठरवा आणि कर घेणार असतील तर जीएसटी क्रमांकासह रीतसर बिल मागा. तुम्ही स्वतः माल विकत घेता तेव्हा कर त्या दुकानाच्या बिलातच असतो. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या दराने लावलेला सिमेंटचा हिशेब मान्य करू नका.

कर्ज घ्यायचे नाही, हा निर्णय चांगला आहे. तरीही पैसे कमी पडलेच, तर घरदुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घरासाठी मिळते. आणखी एक सांगतो. सगळी बिले जपून ठेवा. पुढे कधी घर विकले, तर नवे वायरिंग, नवा ओटा, नवे न्हाणीघर असा टिकाऊ सुधारणांचा खर्च भांडवली नफा काढताना घराच्या किमतीत धरता येऊ शकतो. रंगासारख्या नेहमीच्या देखभालीचा सहसा धरता येत नाही. बिल नसलेल्या खर्चाला तेव्हा काहीच आधार राहत नाही.

मुलुंडपूर्व

आमचे आता असे ठरले आहे. न्हाणीघर, संडास, नळकाम आणि ओटा याच कंत्राटदाराकडे, दुरुस्त मोजमापांवर आणि करासहित. वायरिंग परवानाधारकाकडे फक्त मजुरीवर, माल आम्ही आणणार. कपाट तयार आणणार आणि ट्रॉल्या आधी निवडणार. भिंती आम्ही रंगवणार, छत रंगाऱ्याकडे. सगळे मिळून चार लाख तीस हजारांच्या आसपास अंदाज येतो आहे. फेब्रुवारीच्या मध्याला सुरुवात करायची आहे. शयनगृहाची पश्चिमेकडची भिंत पावसाळ्यात ओलसर होते, ती कधी रंगवावी?

ओळंबा

वीस हजार हाताशी राहतात, ते अजिबात खर्चात धरू नका. जुना कोबा काढल्यावर खाली काय निघेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही आणि राखीव रक्कम त्यासाठीच लागते. शक्य झाल्यास ती वाढवा आणि त्यासाठी कपाटाची खरेदी दिवाळीपर्यंत थांबवली तरी काही बिघडत नाही.

फेब्रुवारीच्या मध्याची वेळ योग्य आहे, पण होळीला बरेच कारागीर गावी जातात. तेव्हा पाण्याची चाचणी आणि लाद्या होळीपूर्वी होतील असे वेळापत्रक लिहून घ्या. आधी फोडकाम, नळ आणि विजेच्या खाचा एकाच वेळी होऊ द्या, मग वॉटरप्रूफिंग, लाद्या आणि ओटा, आणि सर्वांत शेवटी रंग. मुलीला फोडकामाच्या दिवसांतही घरात ठेवू नका.

पश्चिमेची भिंत बाहेरून भेगा पडल्यामुळे ओली होत असेल, तर पावसाच्या पाण्याची गळती म्हणून बाहेरची दुरुस्ती सोसायटीकडे येते. आजच लेखी अर्ज द्या, म्हणजे ती जूनपूर्वी होईल. बाहेरची दुरुस्ती होण्याआधी आतून त्या भिंतीला पुट्टी आणि रंग देऊ नका. जुना थर खरवडून ती उघडी ठेवा, एप्रिल-मेच्या उन्हात वाळू द्या आणि पहिला पावसाळा तशीच काढून आतून कोरडी राहते का ते पाहा. कोरडी राहिली तर ऑक्टोबरमध्ये रंगवा. बाकीच्या भिंती मार्चअखेरीस रंगवायला हरकत नाही. रंगाच्या डब्यावरचा शेड क्रमांक वहीत लिहून ठेवा, म्हणजे ही एक भिंत नंतर त्याच रंगात मिळवता येईल.